पार्सल सुटायची वाट बघू नका, कोजागिरीला तीन पत्ती करा

ऐरोलीकर, जुगाराच्या डावावर बेतलेल्या जादूच्या प्रयोगासाठी परदेशातून मागवलेला पत्त्यांचा खास कॅट तपासणीत अडकलाय, सोसायटीची कोजागिरी तोंडावर आली आहे आणि आता दुसरा कॅट कुरिअरने मागवू का, असं तुम्ही विचारलंय. मी या सगळ्यातून गेलोय. तेव्हा उत्तर आधी देतो, मागवू नका. पिसणं, खोटं काटणं, दोन पानं एक म्हणून उचलणं तुम्हाला येतं असं धरून लिहितोय.

माझाही कॅट असाच धरून ठेवला होता. ऑफिस कुठलं ते लिहीत नाही. टेबलावरच्या साहेबांनी माझ्यासमोर सील फोडलं, पानं मोजली, तर बावन्न भरेनात. वर तेच तेच पान पुन्हा पुन्हा येतंय. म्हणाले, "हे पत्ते खोटे आहेत." म्हटलं, साहेब, खोटेच आहेत, त्याचेच तर पैसे मोजलेत. झालं, तिथून पुढे त्यांचा चेहरा बदलला. जादूगाराचा परवाना आणा म्हणाले. तो कोण देतं, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. मग बिल, मग बिलाची सही केलेली प्रत, मग 'जुगारासाठी वापरणार नाही' असं हमीपत्र, मग तेच हमीपत्र दुसऱ्या साहेबांच्या नावे. प्रत्येक टेबलावर कॅट नव्याने उघडायचा. आणि पत्ते हातात आले की आपला माणूस काय करतो? पिसतो! विकणाऱ्याने लावून पाठवलेला क्रम पहिल्याच टेबलावर गेला. तो घरी बसून पुन्हा लावता आला असता. पण कुणीतरी पानांना रबरबँड घातलं, तेही दोन वेढे देऊन. माझा स्ट्रिपर कॅट होता, म्हणजे पानं एका टोकाला किंचित निमुळती, बोटाला कळतं, डोळ्याला नाही. अशा कॅटचा सगळा जीव कडेत. अख्खा पावसाळा ते रबर तसंच. हातात आला तेव्हा वरच्या-खालच्या पानांच्या कडांना मधोमध खाच आणि सगळी गड्डी पापडासारखी वाकलेली. कार्यक्रम कधीच होऊन गेला होता. वर ठेवणावळीचे पैसे घेतले ते वेगळेच, आणि त्याची पावती मागितली तर "उद्या या".

असो. मी वकील नाही, त्यामुळे पुढचं तुमच्या जबाबदारीवर घ्या. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे, आणि त्याचा रोख पैज लावण्यावर आहे. खेळ दाखवताना डावावर काहीच लागलं नाही तर कुणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. म्हणून टेबलावर खऱ्या नोटा नकोत, 'गंमत म्हणून दहा-दहा रुपये' तर अजिबात नको. 'व्यापार'मधल्या नोटा घ्या, नाहीतर चिंचोके. माझं मत चिंचोक्यांना, ज्येष्ठ मंडळी लगेच खुलतात. आणि हा प्रयोग गणपतीत करू नका. मंडपात पत्ते दिसले की कमिटीतलं कुणीतरी 'संस्कार' काढतंच. कोजागिरीला कुणी हरकत घेत नाही, तिथे निम्मी सोसायटी स्वतःच पत्ते घेऊन बसलेली असते.

आता मूळ मुद्दा. हे परदेशी कॅट बहुतेक पोकरच्या डावासाठी बांधलेले असतात. आपल्या लोकांना पोकर सिनेमात बघून माहीत. तुम्ही शेवटी रॉयल फ्लश, म्हणजे पोकरमधला सगळ्यात मोठा हात, टाकणार आणि समोरून विचारणार, "हे मोठं असतं का?" वाट लागली. त्यात क्रम उलटा. पोकरमध्ये फ्लश, म्हणजे आपला कलर (सगळी पानं एकाच चिन्हाची), सिक्वेन्सच्या (ओळीने लागलेल्या पानांच्या) वर. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. याला कारण आहे. पाच पानांत साध्या सिक्वेन्स १०,२०० प्रकारे लागतात आणि फ्लश ५,१०८ प्रकारे, म्हणून तिथे फ्लश दुर्मीळ. तीन पानांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून इथे सिक्वेन्स भारी. गंमत अशी की प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाची, ४८ प्रकारे लागते आणि ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ प्रकारे, म्हणजे हिशेबाने प्युअर वर हवी. पण एक्क्यांची ट्रेल खाली कोण ठेवेल!

तर प्रयोग तीन पत्तीवर बेता. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात तिन्ही एक्के फक्त चार वेळा, म्हणजे ५,५२५ वाटपांत एकदा. हा आकडा वाटण्याआधी सहज बोलता बोलता सांगून टाका, शेवटी सांगितला तर शिकवणी वाटते. चार जणांना बसवा, सगळ्यांना झकास हात द्या, कुणाला कलर, कुणाला सिक्वेन्स, एखाद्याला बादशहांची ट्रेल. ज्याच्याकडे ट्रेल आहे तो काका चाल वाढवत नेतो, बायको मागून "पॅक करा" म्हणून ओरडते, आणि अर्धा प्रयोग तेच करतात. तुम्ही ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळत राहायचं आणि शेवटी तिन्ही एक्के टाकायचे.

यासाठी खास कॅट घरीच होतो. एकाच दुकानातून, एकाच खोक्यातले दोन सारखे कॅट घ्या. एकातली हवी ती पानं दुसऱ्यात. कुठली आणि किती, ते इथे उघड लिहीत नाही, निरोप पाठवा. एकाच खोक्यातले अशासाठी की आपल्या कॅटांच्या पाठीचा रंग लॉट बदलला की बदलतो, आणि ट्यूबलाइटखाली तो फरक चटकन दिसतो. विकतचे गॅफ, म्हणजे जादूसाठी मुद्दाम बनवलेले, पत्ते इथे चालत नाहीत तेही आपल्या कॅटात वेगळे दिसतात म्हणून. ते बहुतेक अडीच इंच रुंदीचे, पोकर आकाराचे. आपले बरेचसे सव्वादोन इंची.

अजून एक, ज्यावर माझं अनेकांशी वाजलंय. जुगाराच्या प्रयोगात पूर्ण बनवलेला कॅट वापरूच नये असं मला वाटतं. स्वेंगाली (दर दुसरं पान तेच असलेला कॅट) वगैरे लहान मुलांसमोर ठीक. पण तुम्ही 'मी पत्तेबाज आहे' म्हणता तेव्हा समोरचा पानं मागणारच, पिसून बघणारच. अशा वेळी चार-सहा खास पानं लपवता येतात, बावन्न येत नाहीत. रफ-स्मूथ लेपाचा कॅट, म्हणजे ज्यात लेपामुळे ठरावीक पानं जोडीने चिकटून राहतात, तो तर खाडीकाठी पावसाळ्यात नकोच, दमट हवेत पानं सुटायची तिथे चिकटतात आणि चिकटायची तिथे सुटतात. घरचे पत्ते हवाबंद डब्यात, बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

गच्चीवर मागच्या रांगेला पत्ते दिसत नाहीत. सोसायटीचा टीव्ही वर आणवा, मोबाइल स्टँडला उलटा लावून टेबल त्यावर दाखवा. टेबलावर मोठा माउसपॅड, साध्या सनमायकावर पान उचलता उचलत नाही.

आणि पार्सलचं म्हणाल, तर पाठवणाऱ्याकडे परत पाठवा असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि चकरा बंद करा. तरी हातात आलंच, तर तिथेच उघडून प्रत्येक पानाच्या कडेचा फोटो काढा आणि विकणाऱ्याला त्याच दिवशी पाठवा. माझ्या विकणाऱ्याने उशीर झाला म्हणून हात वर केले होते.