मोठी संख्या हातात आली की आधी काय बघायचं
भावा, मोठा आकडा दिसला की लगेच कॅल्क्युलेटर काढू नको, आधी निवांत बघत बस. आपल्या सांगलीचा पिनकोडच घे, ४१६४१६. तेच तीन अंक दोनदा आलेत, म्हणजे ४१६ गुणिले १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३, हे पाठच करून टाक. उरला ४१६, तो निम्मा करत जा, २०८, १०४, ५२, २६, १३, पाच वेळा निम्मा झाला आणि परत १३ च आला बघ! वहीत पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा लय भारी वाटलेलं मला. म्हणजे सगळी संख्या झाली २^५ × ७ × ११ × १३^२. आता विभाजक किती ते मोजायला घातांकांत एकेक मिळवून गुणाकार कर, ६×२×२×३, एकूण ७२ विभाजक. मग साताऱ्याचा ४१५००१ घे, त्याला १३ पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येनं भाग जात नाही, पण घाबरू नको, ६४४ च्या पुढं तपासायची गरजच नाही, कारण ६४५ चा वर्ग या संख्येपेक्षा मोठा होतो.