इन्व्हर्सला डोमेनची अट कशाला?

प्रश्न : य = √(क्ष − ३) + २ या फंक्शनचा इन्व्हर्स मी (क्ष − २)² + ३ असा काढला. सूत्र बरोबर होतं, तरी ‘क्ष ≥ २’ लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण गेला. (क्ष − २)² मध्ये तर कुठलीही संख्या घालता येते, मग ही अट का?
— अकरावी सायन्सची विद्यार्थिनी, रावेर

उत्तर : अट हवीच. इन्व्हर्सचं डोमेन, म्हणजे त्यात घालता येणाऱ्या संख्या, त्याच्या सूत्राकडे बघून ठरत नाही. मूळ फंक्शनची रेंज, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या संख्या, तेच इन्व्हर्सचं डोमेन, आणि मूळचं डोमेन ती इन्व्हर्सची रेंज. मूळ फंक्शनमधून जी संख्या बाहेर पडली, ती जिथून आली तिथे पोचवणं एवढंच इन्व्हर्सचं काम. जी बाहेर पडलीच नाही, ती कुठे पोचवणार?

तुमच्या गणितात मूळचं डोमेन क्ष ≥ ३. वर्गमूळ शून्याखाली उतरत नाही, म्हणून रेंज य ≥ २. आता अट विसरून तुमच्या सूत्रात ० घाला : (० − २)² + ३ = ७. हे ७ मूळ फंक्शनमध्ये घाला : √४ + २ = ४. निघालो ० पासून, पोचलो ४ वर! घोटाळा होतो तो य − २ = √(क्ष − ३) या पायरीला वर्ग करताना. डावी बाजू ऋण नाही, ही माहिती वर्ग केला की पुसली जाते. म्हणून वर्ग करण्याआधीच समासात ‘य ≥ २’ लिहा, आणि शेवटी क्ष-यची अदलाबदल करताना अटीतही करा.

तुमच्याच भागातला हिशेब घ्या. समजा केळीच्या गाडीचे ठरावीक ८०० रुपये, वर क्विंटलमागे ५०, आणि गाडीत माल जास्तीत जास्त १०० क्विंटल. मग भाडं ८०० ते ५,८०० मध्येच येणार. उलट सूत्र : क्विंटल = (भाडं − ८००) ÷ ५०. त्यात ५०० घातले तर उणे ६ क्विंटल केळी! सूत्र मुकाट्याने उत्तर देतं. थांबवायचं काम डोमेनचं.

प्रश्न : साइन १५०° चा साइन इन्व्हर्स कॅल्क्युलेटर ३०° का दाखवतो?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : साइन ३०° आणि साइन १५०° दोन्ही १/२. एका संख्येला दोन कोन परत देता येत नाहीत, म्हणून इन्व्हर्स घेण्याआधी साइनचं डोमेन −९०° ते ९०° एवढंच ठेवतात. तीच साइन इन्व्हर्सची रेंज. १५०° तिच्याबाहेर आहे. कोसाइनला मात्र हा तुकडा चालत नाही, कारण −६०° आणि ६०° ची कोसाइन सारखीच येते. तिच्यासाठी ०° ते १८०° घ्यायचं. परीक्षेत हे दोन तुकडे एकमेकांच्या जागी लिहिले जातात, तेवढं सांभाळा.