आवडीलाही नोकरीला लावू नकोस

प्रश्न : मी देवगड तालुक्यातली. डिप्लोमा मालवणला केला, पदवी लोणेऱ्याला. गेली चार वर्षं पुण्यात, हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत आहे. परदेशी बँकेच्या जुन्या सिस्टिमचा सपोर्ट प्रोजेक्ट आहे. तिकिटं (आलेल्या तक्रारी) बंद करायची, एसएलए (तक्रार सोडवायची ठरलेली मुदत) सांभाळायचा, आठवड्याआड रात्रपाळी. कॉलेजात रात्र रात्र जागून कोड लिहिणारी मी आता घरी लॅपटॉप उघडतसुद्धा नाही. बरोबरीचे लोक साइड प्रोजेक्ट करतात, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रोजच्या कामाचे हिरवे चौकोन भरतात. ते बघून अपराधी वाटतं. नोकरी सोडून सहा महिने फक्त शिकावं का? बाबा म्हणतात, ‘चांगली नोकरी कित्याक सोडतंस?’ एआयच कोड लिहिणार असेल तर ही आवड जपून उपयोग तरी काय? (गणपतीला घरी होते तेव्हा बाबांच्या आंब्याच्या पट्ट्या, म्हणजे व्यापाऱ्यांनी पाठवलेले विक्रीचे हिशेब, एक्सेलमध्ये जुळवता जुळवता रात्रीचे दोन वाजले. पण ते काही प्रोग्रामिंग नव्हे.) चांगला नवा लॅपटॉप घेतला तर उत्साह परत येईल का?

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकून दिलीस. आधी तिच्याबद्दलच बोलू.

बागायतदाराच्या घरात हंगाम संपता संपता पट्ट्यांचा कसा गठ्ठा होतो, ते मला रत्नागिरीत बसून चांगलं ठाऊक आहे. वाशीच्या एका व्यापाऱ्याची पट्टी छापील, दुसऱ्याची हाताने लिहिलेली, तिसऱ्याने नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेला. कुणी भाव पेटीचा लावतो, कुणी डझनाचा. पेटीही एकसारखी नाही, फळ केवढं त्यावर चार डझनांची, पाचाची नाहीतर सहाची. भाडं आणि हमाली कुणी वेगळी दाखवतो, कुणी आधीच वजा करून मोकळा होतो. यातून ‘कुठल्या आठवड्यात, कुणाकडे, डझनामागे हातात किती पडले’ हे काढायचं म्हणजे विस्कटलेली माहिती एका साच्यात आणायची, नियम बांधायचे, नियमात न बसणाऱ्या पट्ट्यांचं काय करायचं ते ठरवायचं. तुमच्याच कंपनीत दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी याच कामाचा पगार घेत असेल. तू ते दोन वाजेपर्यंत फुकट केलंस, आणि वेळेचं भान राहिलं नाही. आवड मेली असती तर तिसऱ्या पट्टीलाच जांभई आली असती.

मग ऑफिसात मन का लागत नाही? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे तिकिटात माणूस दिसत नाही. लाखो ओळींच्या कोडमधल्या तू दोन बदलतेस, त्या कुणाच्या उपयोगी पडल्या ते तुला कधीच कळत नाही. पट्ट्यांच्या पलीकडे बाबा बसलेले होते. दुसरं कारण साधं आहे: झोप. आठवड्याआड रात्रपाळी करणाऱ्या माणसाला लॅपटॉप उघडावासा वाटत नाही, तेव्हा त्याची आवड गेलेली नसते, त्याला विश्रांती हवी असते. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक नोकऱ्या सोडतात. घरी चार दिवस नीट झोपल्यावर तुझी बोटं आपोआप एक्सेलकडे वळली, यावरून ओळख.

हिरव्या चौकोनांचं म्हणशील तर मला त्या प्रकाराचा रागच आहे. ‘सलग किती दिवस कोड लिहिला’ हा आकडा गिटहब पूर्वी प्रोफाइलवर दाखवत असे. 2016 मध्ये त्यांनी तो स्वतःच काढून टाकला. चौकोन मात्र राहिले, आणि त्यांची हजेरी पोरं देवपूजेसारखी लावतात. दिवसभर टाइमशीट भरून घरी यायचं आणि तिथे दुसरं टाइमशीट उघडायचं, याला आवड म्हणत नाहीत. तुझं दुखणं इथे आहे असं मला वाटतं. एक नोकरी कंटाळवाणी आहे म्हणून तू आवडीलाही नोकरीला लावू पाहतेस. तिने रिझ्युमे सजवावा, पगार वाढवावा, उद्या स्टार्टअप काढून द्यावा. एवढं ओझं घातल्यावर ती तोंड लपवून बसली तर नवल नाही.

पायथॉन तू वापरतच असशील. ती प्रोग्रामिंगची भाषा गीडो व्हान रोस्सुम याने 1989 च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली. तो अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत नोकरीला होता. सुट्टीत ऑफिस बंद, घरी संगणक होता, हाताला काहीतरी छंद हवा होता. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो. त्याच संस्थेत आधी त्याने एबीसी नावाच्या भाषेवर काम केलं होतं. तिच्यातलं काय चांगलं आणि काय खुपतं, हे त्याला त्या नोकरीनेच शिकवलं होतं. तुझ्या बँकेच्या सिस्टिममध्ये तुला रोज काय खुपतं? लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) चूक सापडायला अर्धा तास लागतो? एकच तारीख तीन प्रकारे लिहिलेली असते? अशा चिडचिडीची वही ठेव. त्यातला कंपनीचा कोड किंवा माहिती घरी आणायची नाही, पण ‘असं नसतं तर कसं असतं’ हा प्रश्न तुझा स्वतःचा आहे.

आता काय करायचं? आधी पट्ट्यांचा तक्ता पुरा कर. ‘पुरा’ म्हणजे पुढच्या हंगामात बाबांनी तुला फोन न करता मोबाइलवर पट्टी भरली पाहिजे. आंबा निघायच्या आत, म्हणजे मार्चआधी. त्यात अवघड तंत्रज्ञान काही नाही, आणि म्हणूनच ते अवघड आहे. बाबा डझनाच्या जागी पेटी टाकतील, भाड्याचा रकाना मोकळा सोडतील, रेंज जाईल. चार वर्षं दुसऱ्यांच्या चुकांची तिकिटं बंद केल्यावर आपल्या चुकीचं तिकीट बाबांकडून येणं हा वेगळाच अनुभव असतो.

आणि एक निव्वळ मजेसाठी, कुणाच्याही उपयोगाचं नसलं तरी चालेल असं. समुद्राकाठी वाढलीस, तर तिथीवरून भरती काढायचा जुना हिशेब घरात ऐकला असशीलच: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे तिथीमागे पंचेचाळीस मिनिटं. पण चंद्राच्या हिशेबाने 24 तास 30 तिथींत वाटले तर वाट्याला 48 मिनिटं येतात. ती तीन मिनिटं पंधरा तिथींत साचून पाऊण तास होतात. मग वाडवडिलांचा नियम चुकीचा, की देवगडच्या खाडीला तोच जास्त जवळचा? भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. त्यांच्याशी ताडून बघ, महिनाभराचा आलेख काढ. ओहोटीला तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला जाणाऱ्या बायका तुला त्यातल्या चुका हसत हसत सांगतील. जाता जाता एक गंमत: ‘तिसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो, डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, आणि सर्चमध्ये एक टाकला तर दुसरा सापडत नाही. हे सोडवायला बसलीस की एक रविवार गेलाच म्हणून समज.

रोज एक तास वगैरे ठरवू नकोस. दिवसपाळीच्या आठवड्यात एक संध्याकाळ पुरे, रात्रपाळीच्या आठवड्यात काहीच नाही. उठताना पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेव, म्हणजे पंधरा दिवसांनी ‘कुठे होते मी’ यात संध्याकाळ जाणार नाही.

एक गोष्ट मात्र आजच कर. तुझं नेमणूकपत्र आणि करार काढून नीट वाच. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो, आणि संगणक प्रोग्रामही त्या कायद्यात येतात. शिवाय कंपन्यांचे करार बऱ्याचदा याहून लांब हात पसरतात. म्हणून कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं ईमेल आणि कंपनीचा वेळ यांतलं काहीही घरच्या कोडला लावायचं नाही. बाहेर पैसे घेऊन काम करणं ही तर वेगळीच गोष्ट. 2022 मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठी काम करताना सापडलेल्या 300 जणांना काढलं होतं. ओपन सोर्समध्ये (सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडमध्ये) काही द्यायचं झालं तर एचआरला आधी ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव.

एआयबद्दल फार लिहीत नाही. ऑफिसात ते वापरायला शीक, त्यातून सुटका नाही. घरी तुझी मर्जी. आयता मासा बाजारात मिळतो म्हणून गरी टाकून धक्क्यावर बसणारे कमी झालेले मी तरी पाहिले नाहीत.

राहिली नोकरी. सहा महिने रिकामं बसून शिकायला मी सांगणार नाही. पगार थांबला की दुसऱ्या महिन्यापासून शिकण्याची जागा इंटरव्ह्यूची तयारी घेते, आणि मग पुन्हा आवडीच्या डोक्यावर तेच ओझं. पण याच प्रोजेक्टवर राहा, असंही म्हणणार नाही. चार वर्षं सपोर्टमध्ये पुष्कळ झाली. पुढच्या अप्रेजलची वाट न पाहता मॅनेजरकडे या प्रोजेक्टमधून लेखी रिलीज माग, डेव्हलपमेंटच्या अंतर्गत जागांना अर्ज कर. ‘क्लायंट सोडत नाही’ हे उत्तर येईल. तेव्हा तारीख विचार. तारीख मिळाली नाही तर बाहेर अर्ज सुरू कर, आणि हातात ऑफर आल्यावरच राजीनामा दे. दुसऱ्यांचा जुना कोड वाचून दोष शोधता येणं ही मुलाखतीत सांगण्यासारखी गोष्ट आहे, ती ‘फक्त सपोर्ट’ म्हणून खाली मान घालून सांगू नकोस. बाबांनाही हेच सांग, नोकरी सोडत नाही, बदलते आहे. त्यांचा प्रश्न रास्त होता.

लॅपटॉप घेऊ नकोस. कॉलेजातला अजून चालत असेल तर त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाक आणि हार्ड डिस्कच्या जागी जास्त वेगवान एसएसडी बसवून घे. पट्ट्यांना आणि भरतीला तेवढा भरपूर आहे.