कुष्ठरोग, मिशन हॉस्पिटलं आणि तुमचे प्रश्न

गेल्या वेळी कुष्ठरोग्यांसाठीच्या ख्रिस्ती मिशनच्या कामाबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप प्रश्न आले. मी स्वतः फिजिओ, बरीच वर्षं याच कामात आहे, त्यामुळे जे जवळून बघितलंय तेच सांगते.

प्रश्न: आता गोळ्यांनी रोग बरा होतो ना, मग मिशन हॉस्पिटलं कशाला पाहिजेत?

बरा होतो, शंभर टक्के! एमडीटी, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार, 1982 पासून आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा महिने नाहीतर वर्षभर घ्यायची, बास. पण जंतू मेले म्हणून, नसा खराब होऊन बधिर झालेला हात परत जागा होतोच असं नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका तव्यावरची भाकरी हाताने उलटतात, चटका कळतच नाही, रात्री फोड दिसतो तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं. बोटं रोगाने झडतात असं लोक अजून म्हणतात, ते चूक आहे. सर्जन डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि त्यांनी बारकाईने बघून दाखवून दिलं की वेदना कळत नाही म्हणून जखमा होतात, त्या चिघळतात आणि त्यातून बोटं जातात. म्हणून रोज हातपाय पाण्यात भिजवणं, तेल लावणं, जखम आहे का बघणं, एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) मऊ चप्पल घालणं, हे सगळं शिकवायला माणूस लागतो, आणि तेही वर्षानुवर्षं.

प्रश्न: खरं सांगा ताई, सेवेच्या आडून धर्मांतर होतं का?

प्रश्न रास्त आहे, राग नाही. मिशन श्रद्धेतूनच उभं राहिलंय, ते कोणी लपवत नाही. लेप्रसी मिशनचे संस्थापक वेलस्ली बेली अंबाल्याला शिकवायला आले, तिथे 1869 मध्ये त्यांनी हे रुग्ण पहिल्यांदा बघितले, आणि 1874 मध्ये डब्लिनला काम सुरू झालं तेव्हा वर्षाला तीस पौंड जमले तरी पुरे अशी अपेक्षा होती! औषध नव्हतंच तेव्हा, निवारा, जेवण आणि जखमा धुणं एवढंच हातात होतं. पण उपचाराला अट लावणं मला अजिबात मान्य नाही. 1994 च्या रेड क्रॉस आणि मदत संस्थांच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की मदत धर्म बघून द्यायची नाही आणि धर्म पुढे रेटायला वापरायची नाही, आणि ती मांडणाऱ्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. कुठे गोळीसाठी प्रार्थनेला बसवत असतील तर तक्रार करा, मी तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न: मुलगा फिजिओच्या शेवटच्या वर्षाला आहे, चर्चच्या ग्रुपबरोबर दोन आठवडे नेपाळला जायचं म्हणतो. पाठवू का?

पाठवा, पण तो शिकायला जातोय हे त्याला नीट सांगा. वाकडी बोटं सरळ करायच्या ऑपरेशनआधी व्यायाम असतो, नंतर साधारण तीन आठवडे प्लास्टर, आणि मग खरी मेहनत, कारण टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) दुसरीकडे जोडलेला असतो आणि त्या स्नायूला नवीन काम शिकवायचं असतं, पेशंट बिचारा बोटाकडे टक लावून बघत बसतो आणि एक दिवस ते हलतं. दोन आठवड्यांत तर प्लास्टरही निघत नाही! हे काम तिथले फिजिओच करतात, त्यांची भाषा पेशंटला कळते. काठमांडूजवळ आनंदबनला लेप्रसी मिशनचं हॉस्पिटल 1957 पासून आहे, तिथे आधी रीतसर लिहून विचारा. आणि पेशंटचे फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, गावात कळलं तर त्या माणसाचं लग्न मोडतं, काम जातं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. अचलपूरजवळच्या कोठाऱ्याच्या मिशन हॉस्पिटलला पैसे पाठवायचे तर कसे?

पासपोर्ट कुठला आहे त्यावर आहे. भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. अमेरिकन झाला असाल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असलं तरी, ती परदेशी देणगी, मग संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्यांच्या ठराविक खात्यातच जमा व्हावे लागतात. आधी ऑफिसला मेल करून खाते नंबर मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नंबरवर काही टाकू नका, आणि जमलं तर चपलांच्या वर्कशॉपसाठी द्या, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.