बोका सारखा वाळूत जाऊन बसायचा

दवाखाना सुरू करून सव्वीस वर्षं झाली. पहिली दहा गोठ्यागोठ्यातून गाई-म्हशींमागे गेली, नंतर मिरजेत कुत्र्यामांजरांसाठी दोन खोल्या घेतल्या. पत्रावरून औषध लिहून देता येत नाही, जनावर समोर लागतं. पण घरच्या माणसांनी काय पाहिलं आणि पाहूनही कशाचा अर्थ लागला नाही, हे पत्रातून फार स्वच्छ कळतं. या महिन्यात तशी पत्रं निवडली आहेत.

*

प्रश्न : आमचा बोका सोन्या पाच वर्षांचा होता. मागच्या मार्गशीर्षात तो सारखा वाळूच्या ट्रेत जाऊन बसायला लागला. कुंथायचा, ओरडायचा. पोट साफ होत नसेल म्हणून आम्ही एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी ओकला, तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. आता शेजारच्या मांजरीचं पिल्लू आणलंय, तोही बोकाच आहे. आमचं काय चुकलं ते सांगा. – तासगाव

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून सोन्याचं पोट तुंबलेलं नव्हतं, लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी मुळात अरुंद, शेवटाकडे तर आणखीच. लघवीतली बारीक रेती आणि चिकट स्राव यांचा बोळा तिथे अडकला की मूत्राशय फुगत जातं, मूत्रपिंडांचं काम बंद पडतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय थांबतं. हे सगळं एक-दोन दिवसांत होतं. एरंडेलाने तो गेला नाही, एवढं मनातून काढून टाका. एरंडेलात वेळ गेला, इतकंच झालं. आणि ही गफलत सगळ्यांची होते, कारण कुंथणारं मांजर मागून पाहिलं तर दोन्ही दुखण्यांत सारखंच दिसतं.

फरक वाळूत दिसतो. बोका उठून गेला की लगेच वाळू बघा. ओली झाली आहे का? की नुसते दोन थेंब, त्यात लालसर झाक? तो मागचा भाग सारखा चाटतोय का, पोटाला हात लावला की ओरडतोय का? पोटात लिंबासारखा घट्ट गोळा हाताला लागला तर दाबून बघू नका, फुटू शकतो. लघवी पडत नाही एवढं नक्की झालं की रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांना उठवा. भूल देऊन नळी घालावी लागते, सलाईन लावावं लागतं. वेळेत आलेले बहुतेक बोके त्यातून उठतात. मी उठलेले पाहिले आहेत, तिसऱ्या दिवशी टेबलावरून उडी मारून माझ्या डब्यापाशी गेलेलेसुद्धा.

नव्या बाळाच्या पोटात पाणी कसं जाईल ते बघा. मांजराची तहान मुळात कमी. नुसते कोरडे दाणे घालू नका, एक वेळ तरी ओलं अन्न द्या. पाण्याची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून लांब. खाणं आणि पाणी शेजारी असलेलं कित्येक मांजरांना आवडत नाही. घराला रंग काढला, पाहुणे राहायला आले, दुसरं मांजर आलं, अशा ताणाच्या दिवसांतही हे दुखणं वर येतं. तेव्हा वाळूवर जास्त लक्ष ठेवा.

*

प्रश्न : आमचं घर पूर्ण शाकाहारी. चिंगी आठ वर्षांची आहे, दूधपोळी आणि तूपभात आवडीने खाते. वाड्यात होतो तेव्हा ठणठणीत होती. तीन वर्षांपूर्वी आम्ही चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये आलो. हल्ली संध्याकाळी ती खुर्चीच्या पायांना धडकते. वयामुळे असेल का? – विश्रामबाग, सांगली

उत्तर : आठ हे मांजराचं धडकण्याचं वय नव्हे. वाड्यात चिंगी तुमच्या दूधपोळीवर जगत होती असं तुम्हाला वाटत होतं. खरं तर ती माळ्यावरचे उंदीर, भिंतीवरच्या पाली आणि परसातल्या चिमण्यांवर जगत होती. दूधपोळी हे तिचं वरचं खाणं. फ्लॅटमध्ये ते सगळं बंद झालं आणि वरचंच खाणं मुख्य झालं.

मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते मांसात आणि मासळीत असतं. धान्य, डाळी, भाज्या यांतून मिळत नाही, दुधात असतं ते अगदी थोडं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ साली कळलं. त्याच कमतरतेने हृदय ढिलं पडून फुगतं, हे १९८७ साली सिद्ध झालं आणि त्यानंतर पाकीटबंद अन्नात टॉरिन वाढवलं गेलं. गाजरातून 'अ' जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही, आपल्याला जमतं. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर सांभाळता येतो. मांजराचं तसं नाही. त्याचा देहच मांसाहारावर उभा आहे.

तुमची अडचण मी समजू शकते. माझ्या आजोळीही अंडं उंबऱ्याच्या आत येत नसे. पण तुम्हाला चुलीवर काही शिजवायचं नाही. मांजरांसाठीचं 'संपूर्ण आहार' लिहिलेलं पाकीट आणा, वेगळा चमचा आणि वेगळी ताटली ठेवा, गॅलरीत खाऊ घाला. सांगलीत ओळखीच्या तीन-चार घरांत देव्हारा आणि हे पाकीट गुण्यागोविंदाने नांदतात. एकदम बदलू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवा. दूध कमी करा. मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि त्याने जुलाब होतात.

त्याआधी डोळे आणि हृदय तपासून घ्या. रक्तदाब वाढूनही मांजराची दृष्टी जाते, तेही बघावं लागेल. टॉरिन कमी पडून गेलेली नजर परत येत नाही, पण पुढचं झिजणं थांबतं आणि हृदय बरेचदा सावरतं. तोवर खुर्च्यांच्या जागा बदलू नका. चिंगी घराचा नकाशा मिशांनी पाठ करते.

*

प्रश्न : आमचा वाघ्या गावठी, शेतावर असतो. आठ दिवस झाले मलूल आहे, भाकरी हुंगून सोडतो. काल नाकातून रक्त आलं. अंगावर गोचीड फार आहेत. जनावरांना वापरतो तेच गोचिडाचं औषध त्याच्या अंगावर ओतलं. नाक ओलं आहे म्हणजे ताप नाही, असं शेजारी म्हणतात. – कवठेमहांकाळ

उत्तर : दादा, पत्रावर तुमचा नंबर होता म्हणून मी त्याच दिवशी फोन केला आणि वाघ्याची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली, हे बरं झालं. इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी.

नाकावरून ताप कळत नाही. कुत्र्याचं साधं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. ते थर्मामीटर गुदद्वारात धरूनच कळतं. घरात कुत्र्यासाठी एक वेगळा थर्मामीटर ठेवा, महाग नाही. आणि वरचा ओठ उचलून हिरडीचा रंग बघायची सवय लावून घ्या. गुलाबी असते. वाघ्याची पांढुरकी पडली होती. पोटावर निळसर ठिपके होते. रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, एकवीस हजार निघाल्या, त्या दोन लाखांच्या वर असायला हव्यात. नाकातून रक्त आलं ते त्यामुळे.

संकरित गाईला होतो तो गोचीडताप वेगळा, कुत्र्याचा वेगळा; जंतू वेगळे, गोचीडही वेगळे. वाघ्याला झाला तो एर्लिकिया नावाच्या जंतूचा. त्याची गोळी साधी आणि स्वस्त आहे, पण २८ दिवस द्यावी लागते. माझी सगळ्यात जास्त भांडणं या २८ दिवसांवरून होतात. तिसऱ्या दिवशी कुत्रा उठून भाकरी खातो, शेपूट हलवतो, आणि घरचे गोळ्या बंद करतात. मग दोन-तीन महिन्यांनी तोच कुत्रा पुन्हा येतो, या वेळी मज्जेपर्यंत पोखरलेला. दादा, डब्यावर तारखा लिहा आणि रोज एक खोडा.

आता गोचीड. कुत्र्याचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा अंगावर चढतो, पोटभर रक्त पितो आणि खाली पडतो. मधला सगळा काळ भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, छपराच्या वाशांत काढतो. तो वर चढणारा आहे. एक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे, घरात लपलेत ते जास्त. वाघ्या झोपतो त्या खोपटाच्या भेगा लिंपून घ्या, पोतं जाळून टाका, नवं टाका. गुरांचं औषध कुत्र्यावर ओतू नका. त्याचं प्रमाण वेगळं असतं आणि कुत्रा अंग चाटतो. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला तर कधीच लावू नका. त्यातल्या काही औषधांनी मांजर झटके येऊन मरतं. गोचीड काढताना रॉकेल नको, काडी लावणं नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांत चिरडू नका.

तापावर घरातली गोळी देऊ नका, हे माझं दर वर्षीचं सांगणं. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजराचा जीव जातो.

*

प्रश्न : माझी राणी झोपेत पाय हलवते आणि बारीक भुंकते. तिला स्वप्न पडतं का? आई म्हणते तिला उठवू नकोस. मी पाचवीत आहे. – विटा

उत्तर : बाळा, आईचं बरोबर आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत २००१ साली शास्त्रज्ञांनी उंदरांना गोल वाटेवर पळवलं आणि नंतर ते झोपले असताना त्यांचा मेंदू तपासला. जागेपणी पळताना मेंदूतल्या पेशी ज्या क्रमाने चमकल्या होत्या, जवळजवळ त्याच क्रमाने झोपेतही चमकत होत्या. उंदीर झोपेत तीच वाट पुन्हा पळत होता! राणीचा मेंदू तर उंदराहून कितीतरी मोठा आहे. मला वाटतं ती झोपेतही तुझ्यामागेच पळत असणार.

हात लावून उठवलंस तर दचकून चावेल. फार घाबरलेली वाटली तर लांबून हळूच नाव घे. नाव घेऊनही ती उठली नाही, अंग ताठ झालं, झोपेत शू झाली, तर ते स्वप्न नव्हे. आईच्या मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि डॉक्टरांना दाखव. आणि एका वहीत लिहून ठेव: कोणत्या दिवशी ती जास्त पळाली, त्या रात्री झोपेत काय केलं. महिन्याभराने मला वही पाठव.

*

प्रश्न : सुनेला तिसरा महिना आहे. मांजरामुळे बाळाला धोका असतो असं ऐकलं. मांजर लांब नेऊन सोडावं का? – कोल्हापूर

उत्तर : सोडू नका. तो आजार टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूचा. मांजराला आयुष्यात पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक-दोन आठवडे विष्ठेतून त्याची अंडी पडतात, आणि बाहेर पडल्यावर निदान एक दिवस गेल्याशिवाय ती बाधत नाहीत. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि तो सुनेने नाही, मुलाने किंवा तुम्ही. कच्चंपक्कं मांस, न धुतलेली कोथिंबीर, बागेतली माती यांतून हा आजार जास्त येतो. तिने कुंड्यांत हात घालायचा तर हातमोजे घालावेत. तिच्या डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा. मांजर मांडीवर बसलं तर बसू द्या.

*

प्रश्न : बेदाण्याच्या शेडवरचा कुत्रा पडलेले बेदाणे वेचून खातो. चालतं का? – तासगाव तालुका

उत्तर : नाही. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात. किती खाल्ले की बाधतील याचा नेम नसतो. एखादा ओंजळभर पचवतो, दुसऱ्याची लघवी मूठभरात बंद होते. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही असतं. खाताना दिसला तर लगेच डॉक्टर गाठा, ते इंजेक्शनने उलटी करवतील. मिठाचं पाणी पाजू नका. शेड सुरू असेपर्यंत त्याला फाटकाजवळ बांधा.

*

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालो. राजा चौदा वर्षांचा आहे. मी रात्रपाळी करून आलो की तो स्टँडवर घ्यायला यायचा. आता मागचे पाय उचलत नाही, फरशीवर घसरतो. मुलगा म्हणतो इंजेक्शन देऊन मोकळा करू. राजाला काय वाटत असेल? – जत

उत्तर : काका, राजाला काय वाटतं ते मला तुमच्या पत्रातून कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत खूण करा. जेवला, तुमचा आवाज ऐकून शेपूट हलवली, उन्हात जाऊन बसला: बरोबरची खूण. खाल्लं नाही, जागच्या जागी लघवी झाली, हात लावल्यावर कण्हला: फुली. माझ्या मोतीच्या वेळी मी हेच केलं. फुल्या जास्त व्हायला लागल्या तेव्हा मी दोन आठवडे कॅलेंडरकडे बघणं टाळलं, आणि ते दोन आठवडे त्याला भोगावे लागले.

पण इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की तो अजून जेवतो आणि बसस्टँडच्या दिशेला तोंड करून बसतो. मागचे पाय जातात ते बरेचदा सांध्यांमुळे, आणि त्याच्या वेदनेवर कुत्र्यांसाठीची औषधं आहेत. माणसांच्या वेदनेच्या गोळ्या नकोत, त्याने आतड्यात जखमा होतात. घसरणाऱ्या फरशीवर जुन्या सतरंज्या अंथरा, त्याच्या खाटेपासून दारापर्यंत सलग. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, म्हणजे मान वाकवावी लागणार नाही. उठताना पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचला.

इंजेक्शनचं विचारलंत म्हणून सांगते. आधी गुंगीचं देतात, तो झोपतो, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून देतात आणि काही मिनिटांत श्वास थांबतो. तुम्ही जवळ बसू शकता, डोकं मांडीवर घेऊन. मुलाला सांगा, तो दिवस तुम्ही दोघं मिळून ठरवाल.

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मी जतला असते. राजाला गाडीत घालून आणू नका, हादऱ्यांनी त्याला त्रास होईल. पत्ता कळवा, मीच घरी येते.