सिस्टरांच्या चारशे पानांचं काय करायचं?

पहिलं पुस्तक लिहून झालेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी असते : हे छापलं जाईल की नाही, ते सांगा. मी आधी एका प्रकाशन संस्थेच्या संपादन विभागात होते, आता नवलेखकांना सल्ला देते. या प्रश्नाचं बरंचसं उत्तर लेखकाला स्वतःलाच शोधता येतं, आणि त्यानं ते हस्तलिखित पाठवण्याआधीच शोधावं, असं मला कळकळीनं वाटतं. एका निवृत्त नर्सबाईंनी ते कसं शोधलं, ते त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, तेव्हा मीही तेच म्हणते. माणदेशातल्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर त्यांची बहुतेक नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी फुलस्केप वह्यांची चारशे पानं भरली. जन्मापासून सेवापूर्तीच्या समारंभापर्यंत सगळं त्यात होतं. सोबत मुलगा आला होता. त्याच्याकडे एका संस्थेचं पत्र होतं. वह्यांचे फोटो पाठवल्यावर चारच दिवसांत पुस्तक ‘मंजूर’ झालं होतं. पासष्ट हजार रुपये भरायचे, त्यात शंभर प्रती, मुखपृष्ठ, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आणि राज्यभर प्रसिद्धी.

“मॅडम, त्यांनी घेतलंय म्हणजे बरं असणार ना?” सिस्टरांनी विचारलं.

मी पत्र वाचलं. ‘आपले लेखन हृदयस्पर्शी आहे’ असं त्यात दोनदा होतं, पण चारशे पानांतल्या एकाही प्रसंगाचा, एकाही बाईचा उल्लेख नव्हता. मी त्यांना सरळ सांगितलं की या होकारावरून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. प्रकाशक स्वतःच्या खिशातून कागद, छपाई आणि बांधणीचा खर्च करतो तेव्हाच त्याच्या होकारात पुस्तकाविषयीचं मत असतं. लेखकाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला नाही म्हणायचं कारणच नसतं. आयएसबीएन आपल्याकडे विनामूल्य मिळतो, केंद्र सरकारच्या राजा राममोहन राय एजन्सीकडे लेखक स्वतः अर्ज करू शकतो, हे ऐकून मुलानं पत्र पुन्हा एकदा वाचलं. स्वखर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. घरच्यांसाठी, गोतावळ्यासाठी पन्नास प्रती डिजिटल छपाईनं काढल्या तर उत्तमच. फक्त आपण छपाई विकत घेतो आहोत हे माहीत असावं.

सिस्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं नाव कुणाला माहीत नाही. मोठे प्रकाशक कशाला हात लावतील?”

ही भीती मी सतत ऐकते, आणि मराठीपुरती तरी ती अर्धीच खरी आहे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन ग्रंथालीनं १९८० साली काढलं तेव्हा ते त्यांचं पहिलंच पुस्तक होतं. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आत्मकथनाच्या बाबतीत आपला वाचक नाव बघण्याआधी जगणं बघतो. जे कुणी आतून सांगितलेलं नाही ते सांगणाऱ्याला इथे जागा मिळत आली आहे. सिस्टरांकडे तसं काही आहे का, हे तपासायचं होतं.

मी वह्या ठेवून घेतल्या. पहिली साठ पानं बालपणाची. शाळा, आजोळ, आईचे कष्ट. मनापासून लिहिलेली, पण अशी पानं मी पुष्कळ वाचली आहेत. मग तिसऱ्या वहीत एक रात्र आली. ओढ्याला पाणी आलेलं, जीप पलीकडे अडकलेली आणि इकडे वस्तीवर पायाळू बाळंतपण. तीन पानांत एकही विशेषण नाही. हात काय करत होते, सासू काय म्हणत होती, कंदिलात रॉकेल किती उरलं होतं, एवढंच. मी ती पानं लागोपाठ दोनदा वाचली. त्यानंतर मात्र बदल्या, रखडलेली पदोन्नती आणि वरिष्ठांनी केलेला अन्याय यांची चाळीस पानं होती.

माझं मत मी लगेच सांगितलं नाही. माझ्या मतानं लेखक एक तर हुरळतो किंवा खचतो, आणि दोन्हींतून पुस्तकाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी निवडक प्रकरणांच्या झेरॉक्स त्यांच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात द्यायला सांगितल्या. ग्रंथपालांनी त्या दोन नेहमीच्या वाचकांना द्यायच्या, लेखिका कोण ते सांगायचं नाही आणि अभिप्राय मागायचा नाही. वाचताना जिथे थांबावंसं वाटलं तिथे पेन्सिलीनं खूण करावी, एवढीच विनंती. घरचे आणि मैत्रिणी ‘छान आहे’ म्हणतात ते प्रेमापोटी. कंटाळा कुठे आला, हे अनोळखी वाचकाकडूनच कळतं.

दोन्ही झेरॉक्स परत आल्या. बालपणात दोघांच्याही खुणा होत्या, एकानं तर ते प्रकरण तिथेच सोडलं होतं. पायाळू बाळंतपणाच्या प्रकरणात एकही खूण नव्हती, आणि त्या बाईचं पुढे काय झालं, असं एका वाचकानं समासात लिहिलं होतं. सिस्टर तो कागद घेऊन आल्या तेव्हा मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. “म्हणजे माझं पुस्तक साठ पानांनंतर सुरू होतं,” त्या स्वतःच म्हणाल्या.

मग शेजार शोधायचा होता. गेल्या पाच-सात वर्षांत निघालेली, दुकानात आपल्या पुस्तकाशेजारी ठेवली जातील अशी पुस्तकं कोणती? मुलगा त्यासाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकात हिंडला, सिस्टरांनी वाचनालयातली कपाटं पाहिली. प्रत्येक पुस्तकाचा प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत आणि आवृत्ती त्यांनी टिपून घेतली. डॉक्टरांच्या आठवणी बऱ्याच सापडल्या, उपकेंद्रावरच्या नर्सच्या जवळपास नाहीतच. हाच त्यांच्या पुस्तकाचा सगळ्यात भक्कम मुद्दा ठरला, आणि हस्तलिखित कुणाकडे पाठवायचं त्याची यादीही या टिपणातूनच तयार झाली. ऐतिहासिक कादंबऱ्या काढणाऱ्याकडे बालकविता पाठवून नकार आला, तर त्यातून आपल्या लेखनाबद्दल काहीच कळत नाही. नवे लेखक मात्र तो नकार मनाला लावून घेतात.

हिशेबही मांडला. चारशे हस्तलिखित पानं म्हणजे सुमारे ऐंशी हजार शब्द. डेमी, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या छापील पानावर अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे जवळजवळ तीनशे पानं. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला संच, धरला तर अठरा-एकोणीस फर्मे. नवख्या लेखकाची पहिली आवृत्ती बहुतेक वेळा पाचशे ते हजार प्रतींची असते, आणि त्या संपायला कधी कधी वर्षं लागतात. जाड पुस्तकाची किंमत वाढते आणि अनोळखी नावासाठी वाचकाचा हात तेवढ्यानंच आखडतो. बालपण आणि बदल्या काढल्या तर मजकूर सव्वादोनशे पानांत येत होता. तो वाचनीयही होता आणि परवडणाराही.

कवींसाठी इथे थोडं थांबते. कवितासंग्रहाची वाट फार अरुंद आहे आणि चांगल्या कवितेलाही तिथे नकार मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ पहिल्या पुस्तकासाठी नवलेखकांना अनुदान देतं. त्या योजनेकडे कवींनी जरूर बघावं, कथाकारांनीही.

सिस्टरांना मी दिवाळी अंकांकडे वळवलं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकानं सुरू केलेली ही परंपरा नव्या लेखकासाठी आजही सगळ्यात स्वस्त आणि प्रामाणिक कसोटी आहे, कारण तिथला संपादक तुम्हाला ओळखत नाही आणि पैसेही मागत नाही. पायाळू बाळंतपणाचं प्रकरण युनिकोडमध्ये टंकून उन्हाळ्यातच तीन अंकांकडे पाठवलं. एकाकडून काही कळलं नाही, एकाकडून साभार परत आलं, एकानं छापलं.

मग एक अवघड काम निघालं. वह्यांमध्ये बायकांची खरी नावं होती, गर्भपाताचे दोन प्रसंग होते, एका अविवाहित मुलीचंही प्रकरण होतं. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख गुप्त राहावी ही १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या चौकटीतली अपेक्षा आहे. कायदा नसता तरी त्या मुलीनं सिस्टरांवर टाकलेला विश्वास होताच. नावं, गावं, नाती, कधी सालसुद्धा बदलायला हवं होतं. सिस्टरांनी तो प्रसंग शेवटी काढूनच टाकला. “ती अजून तिथंच राहते,” एवढंच त्या म्हणाल्या.

प्रकाशकांना पाठवलं ते एक पानी पत्र आणि दोन प्रकरणं. पत्रात पुस्तक कशाबद्दल आहे, किती शब्दांचं आहे, ते कोण वाचेल आणि एक प्रकरण कुठे छापून आलं, एवढंच. पहिल्या संस्थेचं छापील नकारपत्र आलं. अशा पत्राचा अर्थ लावत बसू नये. दुसरीकडच्या संपादकांनी नकार देताना लिहिलं की नोकरीआधीच्या आठवणी अजूनही लांबल्या आहेत. ते पत्र मोलाचं होतं, कारण वाचनालयातल्या खुणा तेच सांगत होत्या. सिस्टरांनी उरलेलं बालपण दोन पानांवर आणलं. तिसऱ्या ठिकाणाहून पाच महिने काहीच आलं नाही. आम्ही एकदा नम्रपणे विचारणा केली, तेव्हा पूर्ण हस्तलिखित मागवलं गेलं आणि काही आठवड्यांनी होकार आला.

करार घेऊन मायलेक पुन्हा आले. रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्के होती, ती ठीकच. पण मुदत लिहिलेली नव्हती. आपल्या कॉपीराइट कायद्यात मुदत न लिहिल्यास हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरलं जातं, तरी ती स्पष्ट लिहून घ्यावी हे बरं. अनुवाद आणि ऑडिओचे हक्क एका ओळीत सरसकट प्रकाशकाला दिलेले होते. ते वेगळे काढून मागायला सांगितलं, आणि प्रकाशकांनी कुरकुर न करता मान्य केलं.

काढून टाकलेली बालपणाची पानं मुलगा आता वेगळी टंकून घेतो आहे. त्याच्या वीस प्रती काढून भावकीत आणि माहेरी वाटायच्या आहेत, आणि तो खर्च सिस्टर आनंदानं स्वतः करणार आहेत.