सूत्र मोबाइलच्या बाहेर पळतंय!

प्रश्न : मी नववी-दहावीच्या मुलांसाठी वेबपेजवर नोट्स टाकते, सूत्रं दाखवायला मॅथजॅक्स हे सॉफ्टवेअर वापरते. लॅपटॉपवर सगळं छान दिसतं पण मोबाइलवर लांब सूत्राचा शेवटच दिसत नाही, मुलं विचारतात मॅडम पुढचं कुठंय. आधीच्या व्हर्जनमध्ये ओळ आपोआप तुटायची, आता का नाही?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. व्हर्जन २ मध्ये आपोआप ओळ तोडायची सोय होती, ३ नव्याने लिहिलं तेव्हा ती राहून गेली, आणि थेट ४ मध्ये परत आली. म्हणून आधी ४ वर या. तिथे वाक्यातली सूत्रं आपोआप तुटतात, पण स्वतंत्र ओळीतल्या सूत्रासाठी 'डिस्प्लेओव्हरफ्लो' हे सेटिंग 'लाइनब्रेक' करावं लागतं, आणि नेमकं हेच बरेच जण विसरतात.

तरी मला विचाराल तर महत्त्वाची सूत्रं हातानेच तोडा. (अ+ब+क)² चा विस्तार घ्या, बरोबरच्या चिन्हापुढे अ² + ब² + क² एका ओळीत आणि + २अब + २बक + २कअ खालच्या ओळीत, अधिकचं चिन्ह नव्या ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे पोराला लगेच कळतं की अजून बेरीजच चालू आहे. मशीनला हे कुठून कळणार!

कोणी केटेक हे सूत्रं दाखवणारं दुसरं सॉफ्टवेअर वापरत असेल तर तिथे वाक्यातलं सूत्र बरोबर, अधिक अशा चिन्हानंतर तुटतं, पण महिरपी कंसात किंवा लेफ्ट-राइट या कंसाच्या कमांडमध्ये गुंडाळलेलं अजिबात तुटत नाही, उगाच घातलेले कंस काढून बघा.

आणि तोवर, आजच्या आज, सूत्राच्या डब्याला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) 'ओव्हरफ्लो-एक्स : ऑटो' द्या, मुलं बोटाने सरकवून पुढचं वाचतील.